टायरचे पदर

धाडच्या बाजारात भांडीवाल्यांची ओळ संपते तिथं एक जुनी बाभूळ होती. तिच्या सावलीला उकंडा इंगळे टायरच्या चपला घेऊन बसायचा. साल बासष्ट-त्रेसष्टचं. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून आईनं याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, तेव्हापासून नाव उकंडा. गाव त्याला उकंड्याच म्हणायचं.

त्याचा बाप मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन्न सालानंतर वस्तीनं धम्म घेतला आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की हे काम आता बंद. गावानं काही महिने तोंड फिरवलं. निंदण-खुरपणाला बोलावणं येईना. तेव्हा उकंडा खामगावला गेला, दोन हंगाम जिनात सरकीची पोती वाहिली. तिथं मालधक्क्याच्या रस्त्यावर एक म्हातारा लॉरीचे फाटके टायर कापून चपला करायचा. सुट्टीच्या दिवशी उकंडा त्याच्याजवळ जाऊन बसू लागला. चामड्याला हात लावायचा नाही असं वस्तीत ठरलं होतं, पण रबराची गोष्ट निराळी होती. तिसऱ्या वर्षी तो एक ऐरण, दोन सुऱ्या आणि एसटीच्या टपावर टाकलेले दोन फाटके टायर घेऊन धाडला परत आला.

चपला खपल्या. बाभळीचा काटा त्यातून आरपार जात नसे आणि काळ्या मातीच्या चिखलात त्या कुजत नसत. एकच अडचण होती. कुणबी गिऱ्हाईकांपैकी काही जण त्याला पायाला हात लावू देत नसत. उकंड्यानं वाद घातला नाही. त्यानं एका पत्र्यावर चाळलेली राख पसरून ठेवली. गिऱ्हाईकानं राखेवर उभं राहायचं, उकंड्यानं उमटलेल्या पावलावरून माप घ्यायचं. पुढं ज्यांना विटाळाचं काही नव्हतं तेही राखेवरच उभे राहू लागले, कारण माप फार नेमकं यायचं.

टायर कापणं हे जोराचं काम, पण त्यात नजरही लागते. आधी कडेची तार काढायची. मग सुरी पाण्यात बुडवून रबर उघडायचं. आत दोऱ्याचे थर एकावर एक चिकटवलेले असतात. उकंडा त्यांना पदर म्हणायचा. एका पदराचा दोरा उजवीकडे तिरपा, त्याच्या खालच्याचा डावीकडे. ते पदर सोडवून जाड तुकड्याचे तळवे आणि पातळ तुकड्याचे पट्टे करायचे. शेकडो टायर उघडल्यावर कोणता टायर कशानं गेला ते त्याला कळू लागलं. बायकोला, तानाबाईला, तो संध्याकाळी सांगायचा, "आज एक उन्हानं मेलेला आला. अन् एक दगडानं."

"तुमाले टायराचीच मयत दिसते," तानाबाई म्हणायची.

धाडपासून तीन मैलांवर उत्तमराव पाटलांचं गाव. उत्तमरावांची जमीन मोठी. त्यांनी खामगावच्या एका जिनवाल्याकडून जुनी स्टेशन वॅगन घेतली होती. जीपच्याच घराण्यातली गाडी, पण लांब, बंद टपाची, सरकत्या काचांची, मागं गादीची बाकं. आमच्या भागात तशी दुसरी नव्हती. लोक तिला 'बंगला' म्हणत. बंगला आला की बाजारातली माणसं बाजूला होऊन बघत उभी राहत. गाडी चालवायला शेषराव नावाचा ड्रायव्हर होता. त्यानं पलटणीत सहा वर्षं लष्कराच्या गाड्या चालवल्या होत्या, त्यामुळं ताठ चालायचा आणि कमी बोलायचा.

एका उन्हाळ्यात बंगल्याचे तीन टायर फाटले. उत्तमराव सालदारांसाठी चपला घ्यायला आले तेव्हा ते तिन्ही टायर शेषरावनं उकंड्यापुढं आणून टाकले. उकंड्यानं त्यांच्यासमोरच पहिला उघडला. आतला दोरा दोन्ही बाजूंनी गोल तुटत गेला होता, कुणी कातरल्यासारखा.

"हा हवेवाचून मेला, पाटील," तो म्हणाला. "हवा कमी असताना चालवेल हाये. लय दिवस."

उत्तमरावांनी शेषरावकडे पाहिलं. शेषरावचे कान लाल झाले. हवा बघणं हे ड्रायव्हरचंच काम.

"त्याले काय समजते गाडीतलं?" तो म्हणाला.

"गाडीतलं नाई समजत, भाऊ," उकंडा म्हणाला. "हे फाटेल हाये, तेवढं दिसून राह्यलं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण बाजारात चार माणसांसमोर झालेली गोष्ट शेषराव विसरला नाही.

पौष महिन्यात उत्तमरावांनी चारही टायर बदलायचं ठरवलं. तेव्हा नवा टायर मिळणं सोपं नव्हतं. खामगावच्या दुकानदाराकडून माल आल्याचा निरोप आला, तेव्हा पाटलांनी उकंड्याला बोलावणं धाडलं. "तू चाल आमच्यासंगं. मेलेला टायर ओळखतं, तं जिता बी ओळखशीन."

तानाबाईनं धुतलेला सदरा काढून दिला. उकंडा पहिल्यांदाच बंगल्यात बसला. पाटील पुढं, हा मागच्या बाकावर, गादीवर टेकलाही नाही. बुलढाण्याहून बोथ्याच्या जंगलातून गाडी उतरली तेव्हा थंडीनं काचांवर धुकं धरलं होतं. 

दुकानात मुनीम दुसऱ्या गिऱ्हाईकात गुंतला होता. त्यानं गोदामाकडं बोट दाखवलं. तिथं एकाच मापाचे आठ टायर होते, चार एका जातीचे, चार दुसऱ्या. एक जात चकचकीत, पण दाबली की थोडी दबणारी. दुसरी धुळकट, जाड, खोल नक्षीची, अंगठ्याला दाद न देणारी. शेषराव उकिडवा बसून टायरच्या बाजूवर उठवलेली इंग्रजी अक्षरं वाचू लागला. मग मान वर करून म्हणाला, "मालक, हे जरा पाहा, याच्यावर..."

"शेषराव, तीन टायर तुह्या हातानं गेले," उत्तमराव म्हणाले. "आता याले पाहू दे."

शेषराव उठला आणि दारात जाऊन उभा राहिला.

उकंड्यानं प्रत्येक टायर आडवा केला, आत हात घालून फिरवला, ठोकून पाहिला, वास घेतला. पाऊण तास गेला. शेवटी त्यानं धुळकट टायरांवर हात ठेवला. "हे चार."

"पक्कं?"

"हाव."

मुनिमानं ते बांधून दिले. परतताना उत्तमराव खुशीत होते. बुलढाण्याच्या हॉटेलात त्यांनी उकंड्याला बाहेर चहा पाठवला.

पुढचे तीन-चार महिने उकंड्याच्या आयुष्यातले वेगळेच होते. बंगला छान चालत होता आणि टायर कुणी निवडले हे पाटील सगळीकडे सांगत होते. चिखलीहून एक ट्रकवाला विचारायला आला. रबरी चाकाच्या बैलगाड्या तेव्हा नव्यानं निघाल्या होत्या, ते शेतकरी चाक विकत घेण्याआधी बाभळीखाली येऊन सल्ला मागू लागले. बाजारात दोन-तीन जण त्याला 'उकंडराव' म्हणू लागले. त्याला ते आवडलं. हे तो पुढं स्वतःच सांगायचा, लपवायचा नाही. "मले वाटलं, आपल्या हाताले डोळे हायेत," असं म्हणायचा.

वैशाखात उत्तमरावांच्या पुतणीचं लग्न वरवट बकालला होतं. बंगल्यात नऊ माणसं कोंबली होती, टपावर पितळी भांडी आणि गव्हाची दोन पोती. पाटलांच्या थोरल्या बहीण अन्नपूर्णाबाई खिडकीशी बसल्या होत्या. नवऱ्याच्या माघारी त्या भावाकडेच राहत आणि घरातलं सगळं त्यांच्या शब्दानं चालायचं. खामगाव सोडून गाडी खालच्या सपाट मुलखात उतरली. दुपारचं ऊन. वरवटच्या अलीकडं चार मैलांवर डावं मागचं चाक फाटलं. गाडी हेलकावत रस्ता सोडून नांगरलेल्या शेतात शिरली आणि बांधावर चढून कलंडली.

कुणी गेलं नाही. अन्नपूर्णाबाईंचं उजवं मनगट मोडलं. शेषरावचं गळ्याजवळचं हाड मोडलं, कारण चाक फाटल्यावरही त्यानं स्टिअरिंग सोडलं नव्हतं. बाकीच्यांना मुका मार. बैलगाड्या बोलावून मंडळी लग्नाला पोचली, अक्षता पडल्या, आणि मग जखमींना खामगावला नेलं.

बातमी चौथ्या दिवशी, भर बाजारात, उकंड्याच्या कानावर आली. सांगणारा म्हणाला, "तुहा टायर फुटला बे, उकंडराव."

 उकंड्यानं मांडलेल्या चपला पोत्यात भरल्या, सुऱ्या गुंडाळल्या आणि पोतं घरी नेऊन तानाबाईजवळ दिलं. तानाबाईनं विचारलं, "आता तिथं कायले जाता? ते लोक संतापले असतीन."

"म्हणूनच जाऊन राह्यलो," तो म्हणाला आणि एक सुरी घेऊन तीन मैल चालत गेला.

पाटलांच्या अंगणात गाडी आणून उभी केली होती, एक बाजू चेपलेली. उत्तमराव ओसरीवर होते. अन्नपूर्णाबाई हात प्लास्टरमध्ये, भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओट्याच्या टोकाला शेषराव, हात झोळीत.

"कायले आला?" उत्तमराव म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण गार होता.

"टायर पाह्याले, पाटील."

"आता पाहून काय करतं?"

"मले समजलं पाह्यजे. म्यां निवडेल होता."

 अन्नपूर्णाबाईंनी गोठ्याकडं मान हलवली. उकंड्यानं तिथून फाटका टायर ओढून आणला, पाणी मागून घेतलं आणि अंगणात बसून उघडायला सुरुवात केली. वरचं रबर जाड होतं, सुरीला वेळ लागला. मग पहिला पदर सुटला. दुसरा. तिसरा. चौथा. त्याच्याखाली सुरी सरळ आतल्या रबराला लागली. त्यानं दुसऱ्या जागी उघडून पाहिलं. तिथंही तेच.

"चारच," तो म्हणाला.

"म्हंजे?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

"बाई, या गाडीचे जुने टायर म्यां कापेल हायेत. त्यायच्यात सहा पदर व्हते. याच्यात चारच हायेत. वरून रबर जाड दिलं, अन् थंडीनं कडक झालं होतं. कडकपणा म्हंजे ताकद, असं म्यां समजलो. उन्हात, एवढ्या वजनाखाली, हे टिकनारच नव्हतं." तो उठून उभा राहिला. "चूक माही हाये. तुमचा हात मोडला तो माह्यानं मोडला."

 गोठ्यात बैलानं मान हलवली तशी घुंगरं वाजली. मग ओट्याच्या टोकावरून शेषराव म्हणाला, "एकट्याची नाई."

उत्तमराव वळले.

"त्या टायरावर लिहेल होतं, मालक. म्यां वाचलं होतं. चार लिहेल होतं. अन् त्या चकचकीत मालावर सहा." शेषराव जमिनीकडं पाहत होता. "म्यां सांगाले गेलो, तुम्ही थांबवलं. मंग म्यां पुन्हा तोंड उघडलं नाई. मनात म्हनलं, घेऊ दे याले. फुटन तवा समजन. सहा वर्षं पलटणीत गाडी चालवली म्यां. नऊ माणसं बसवताना बी मले ठाऊक होतं, मागचे टायर चारचे हायेत."

तो थांबला. एवढं एका दमात तो बहुतेक पहिल्यांदाच बोलला असेल. उत्तमरावांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. गोदामात आपण त्याला कसं गप्प केलं ते त्यांनाही आठवलं असावं, कारण ते कुणालाच रागावले नाहीत.

उकंडा टायरपाशी परत बसला. "कुठं लिहेल हाये?" त्यानं विचारलं.

शेषराव ओटा उतरून आला. एका हातानं त्यानं टायर फिरवला, धूळ पुसली आणि बोट ठेवलं. चारचा आकडा, आणि पुढं तीन इंग्रजी अक्षरं.

"हे काय?"

"प्लाय."

"प्लाय म्हंजे?"

शेषरावनं कापलेल्या टायरची कड उचलून उकंड्याच्या समोर धरली. "तू ज्याले पदर म्हनतं ना, थेच."

उकंडा त्या तीन अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिला. इतकी वर्षं तो टायर फाडून पदर मोजत होता, आणि मोजणी बाहेरच लिहिलेली असायची. "हे सगळ्यायवर असते?"

"सगळ्यायवर."

अन्नपूर्णाबाई आता म्हणाल्या, "उत्तम, नवे टायर आणाले या दोघायले धाड. तू जाऊ नको. एकानं वाचावं, एकानं हात लावून पाहावं. अन् दोघायनं तोंडं उघडी ठेवावी."

सहा पदरांचा माल यायला महिना होता. तोवर गाडी दगडांवर उभी होती आणि शेषरावचं हाड जुळत होतं. त्याला काम नव्हतं. एका बाजाराच्या दिवशी तो बाभळीखाली आला, थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "खडू हाये काय?"

कोळसा होता. शेषरावनं एका जुन्या टायरवर उठवलेली अक्षरं कोळशानं काळी केली आणि एकेक ओळखायला लावली. उकंडा तेव्हा चाळिशी ओलांडलेला. मराठी तो अडखळत वाचायचा, इंग्रजीचा गंध नव्हता. अक्षर डोळ्यांनी ध्यानात राहत नसे, म्हणून तो डोळे मिटून त्यावर बोट फिरवायचा. गिऱ्हाईकं हसायची. कुणी सल्ला विचारायला आलं की तो आधी सांगायचा, "पाटलाच्या गाडीचा टायर म्यां चुकीचा निवडला. तवा इचार करून इचारा." त्यामुळं काही लोक परत गेले. चिखलीचा ट्रकवाला पुन्हा आलाच नाही. 'उकंडराव' म्हणणारेही थंडावले. चौथ्या बाजारी मात्र तो टायरवरचे आकडे आणि पंधरा-सोळा अक्षरं चुकल्याशिवाय सांगू लागला.

माल आला तेव्हा दोघं एसटीनं खामगावला गेले. गोदामात सहा पदरांचे पाच टायर होते. शेषरावनं एकेकावरचं वाचलं, उकंड्यानं मागून बोट फिरवून पुन्हा वाचलं. मग उकंड्यानं आत हात घातला. तिसऱ्या टायरशी तो थांबला.

"इथं पदराले घडी पडेल हाये. हात घाल."

शेषरावनं हात घातला. "मले काई लागत नाई."

"हळू. अंगठ्यानं."

शेषरावनं पुन्हा हात फिरवला, सावकाश. मग मान हलवली. "हाये. बारीक हाये, पण हाये." त्यांनी तो बाजूला ठेवला आणि बाकीचे चार घेतले.

परतीच्या एसटीच्या टपावर टायर बांधले. बोथ्याचा चढ चढताना इंजिन तापलं आणि कंडक्टरनं गाडी थांबवून पाणी आणायला माणूस धाडला. सगळे खाली उतरून सागाच्या सावलीला बसले. उकंड्यानं तानाबाईनं दिलेलं फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा. त्यानं थोडं अंतर ठेवून पाठ वळवली, सवयीनं.

"काऊन तिकडं तोंड केलं?" शेषराव म्हणाला. "मी काय उपाशी राहू?"

उकंड्यानं त्याच्याकडं पाहिलं. मग फडकं मधे सरकवलं. शेषरावनं भाकरी मोडली, ठेचा लावला, पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. "तुही बायको एवढं तिखट घालते?"

"आज कमी घातलं असन. लांब जायचं म्हनून."

शेषराव खोकत खोकत हसला. बसमधला धाडचा एक जण त्यांच्याकडं पाहत होता. त्यानं गावात सांगितलं, गाव दोन दिवस बोललं, आणि मग कापसाच्या पेरणीला लागलं.

ते चार टायर चांगले चालले. अन्नपूर्णाबाईंचं मनगट थोडं वाकडं जुळलं, पण भाकरी थापता यायची. शेषराव दोन वर्षांनी एसटीत लागला. जायच्या आधी त्यानं उकंड्याची उरलेली अक्षरंही पुरी करून घेतली. चिखलीचा नाही, पण दुसरे ट्रकवाले येऊ लागले. उकंडा आता टायर निवडायला जायचा तेव्हा ड्रायव्हरला बरोबर बसवून घ्यायचा आणि त्याचं आधी ऐकायचा.

वाचता येऊ लागल्यावर मात्र त्याचं एक नवं झालं. कापण्याआधी तो प्रत्येक टायर भाकरीसारखा फिरवून पूर्ण वाचायचा. न कळलेले शब्द कोळशानं पुठ्ठ्यावर उतरवून ठेवायचा आणि शाळेतल्या किसनराव गुरुजींना विचारायचा. एकदा त्यानं 'रेयॉन' आणला. गुरुजींनी कुठल्याशा पुस्तकात पाहून सांगितलं, हा दोरा कापसाचा नाही, लाकडाच्या लगद्यापासून करतात.

"लाकडाचा दोरा?" उकंडा म्हणाला. "गुरुजी, थट्टा करून राह्यले काय?"

"पुस्तकात तसंच लिहिलं आहे."

उकंडा गेला. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी तो हजर झाला, हातात त्या टायरच्या दोऱ्याचा तुकडा आणि काड्यापेटी.   त्यानं पायरीवर बसून तो पेटवला आणि विझवून गुरुजींच्या नाकाशी धरला.

"घ्या वास."

गुरुजींनी घेतला. "कागद जळाल्यासारखा येतो."

"अन् कागद लाकडाचाच ना?" उकंडा म्हणाला. "मंग बराबर हाये तुमचं पुस्तक."